जळतंय का, ताई?

रविवार, १२ जानेवारी

धाकटे,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायची पद्धत असते. तुला माझे नको असतील, म्हणून गाळले. पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. मी तर नाहीच.

अक्षर कोंबडी चालून गेल्यासारखं दिसेल. डाव्या हाताने लिहितेय, उजव्याची बोटं अजून मिटत नाहीत. उजव्याने लिहायचे तेव्हा तरी कुठे मोती सांडायचे म्हणा. चौथीत शाळा सुटली आणि हातात इस्त्री आली ती आलीच.

दुकानात आता इस्त्री हे करतात. मी खुर्चीवर बसून चुका काढते. "कॉलर आधी घ्या, कॉलर," म्हटलं की म्हणतात, "जन्मभर कॉलर मीच घालतोय, मला कळते." घालणं वेगळं आणि करणं वेगळं, हे पुरुषांना मरेपर्यंत कळत नाही.

तुझा हॉस्पिटलचा युनिफॉर्म दुकानात टांगलाय. तू माहेरी गेलीस त्या आठवड्यात धुऊन इस्त्रीला आला होता, तो तसाच चुरगळलेला आहे. हे म्हणाले, पाठवून देऊ. मी म्हटलं, हात लावू नका, जिचा आहे ती नेईल.

भावजी काल येऊन गेले. तुझा नवरा आमच्याकडे आला की आधी पाणी पितो, मग छताकडे बघतो, मग बोलतो. काल छताकडे जरा जास्तच बघत होता. म्हणाला, "वहिनी, ती म्हणते आता सुई हातात धरणार नाही. भावाच्या चपलांच्या दुकानात बसते." माझं डोकंच तडकलं. एवढं शिकलीस, एवढ्या माणसांना औषध दिलंस, आणि आता लोकांच्या पायांची मापं घेतेस?

हाताचं तू विचारणार नाहीस, तरी सांगते. मांडीची कातडी काढून हाताच्या मागे लावली ती धरली. रंग जुळत नाही, ठिगळ दिसतं. गिऱ्हाईक विचारतं, इस्त्रीने भाजलं का. मी हो म्हणते. सोपं पडतं. आता कॅन्सरच्या औषधाने भाजलं म्हटलं तर अर्धा दिवस त्यांना समजावण्यात जाईल.

जे झालं त्यात कुणाचा दोष नाही. औषधच तसलं. परत ये आणि कामाला लाग, एवढंच सांगायचं होतं.

मोठी


रविवार, २ फेब्रुवारी

धाकटे,

भावजी म्हणाले, पत्र वाचलंस आणि घडी घालून ठेवलंस. "कुणाचा दोष नाही" इथे आलीस तेव्हा हसलीस म्हणे. कसलं हसलीस, ते त्यांना सांगता येईना. मला कळलं. म्हणून त्या दिवसाचं लिहिते.

आधी पहिल्या खेपेचं. मी त्या खुर्च्यांच्या वॉर्डात घाबरून बसलेली. तू आलीस ती अंगात निळा झगा, हातात एकावर एक दोन मोजे, आणि समोर कागद धरून म्हणतेस, "पूर्ण नाव सांगा." मी म्हटलं, "एका भिंतीपलीकडे राहतेस आणि माझंच नाव विचारतेस?" तू म्हणालीस, "जाऊबाई, इथे मी कुणाला ओळखत नाही. सांगा." मग दुसरी सिस्टर आली, तिनेही तेच विचारलं. दोघींनी मिळून औषधाच्या पिशवीवरचं नाव वाचलं, माझ्या मनगटावरचं वाचलं. घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, "तुमची भावजय भलतीच शहाणी झालीय." आता कळतं, शहाणपण तेच होतं.

आणि लाल औषधाआधी तू दर वेळी बजावायचीस. "हे शिरेत गेलं तर औषध आहे. शिरेबाहेर सांडलं तर मांस जाळतं. जळजळलं, ठणकलं, नुसतं वेगळं वाटलं, तरी लगेच बोलायचं. मी तिथल्या तिथे थांबेन." मी म्हणायचे, पोपटासारखं किती बोलशील.

तिसऱ्या खेपेला दोन सिस्टर कामावर आल्या नव्हत्या. सगळ्या खुर्च्या भरलेल्या, बाहेर बाकड्यावर माणसं ताटकळलेली. डाव्या छातीतली गाठ काढलेली, त्या हाताला टोचायचं नाही, त्यामुळे सुई उजव्या हातालाच लावायची. तू कोपराखाली दोनदा प्रयत्न केलास, दोन्ही वेळा शीर निसटली. मोठ्या सिस्टर मागे येऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "एका पेशंटपाशी किती वेळ? घरचं माणूस आहे म्हणून हात चालत नसेल तर दुसरीला दे."

तुझे कान लाल झाले. मी बघितलं.

मीच हात पालथा करून पुढे केला. "इथे लाव. ही बघ, दोरीसारखी फुगलीय. मला दुकान उघडायचंय." तू म्हणालीस, "लाल औषधाला तिथे नको. तिथे मांस नाही, बाहेर गेलं तर सगळी बोटं जातील." मी म्हटलं, "लाव गं, कौतुक पुरे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तू लावलीस.

बाजूला सलाइन चालू होतं आणि तू लाल औषधाच्या सिरिंजचा दट्ट्या हळूहळू दाबत होतीस. मध्येच विचारलंस, "जळतंय का, ताई?" मी नाही म्हणाले. औषध संपलं, पट्टी लावलीस, मी दुकानात गेले.

हॉस्पिटलच्या चौकशीत जे सांगितलं तेच इथे लिहिलंय. मला काही जाणवलं नाही. दुसरं काय लिहू?

मोठी


गुरुवार, ६ फेब्रुवारी

धाकटे,

मागचं पत्र भावजींच्या हाती दिलं आणि तेव्हापासून माझा घास उतरत नाही. ह्यांनी विचारलं, "तोंड आलं का?" मी म्हटलं, तोंड आलं नाही, तोंडच चुकलं.

जळत होतं. तू दट्ट्या दाबायला लागलीस तेव्हापासून जळत होतं. आधी मुंग्यांसारखं, मग कुणी तापलेली तार आतून ओढावी तसं.

आता तू म्हणशील, मग तोंडात काय बोळा कोंबला होता? बरोबर आहे. मी कधी गप्प बसलेय का? सासूबाई म्हणायच्या, हिच्या तोंडाला बसेल असं झाकण अजून घडायचंय. तुझ्या लग्नात तुझ्या आईला विचारलं होतं, "पोरगी शिकलीय ते ठीक, भांडी घासता येतात का?" तुझ्या नोकरीवर बोलले. तुझ्या पगारावर, तुझ्या कापलेल्या केसांवर बोलले. तुम्हाला मूल झालं नाही, त्यावरही एकदा बोलले, आणि तू ताटावरून उठलीस. ते पुढे कुणी काढलं नाही. मी विसरले असं तुला वाटत असेल. विसरले नाही.

म्हणजे जन्मभर नको तिथे बोलले, आणि जिथे बोलणं एवढं एकच काम माझ्याकडे होतं तिथे तोंड मिटून बसले.

का, ते शोधत बसले तेव्हा इतकं सापडलं. भाजणं मला नवं नाही. माझ्या हातावर इस्त्रीच्या टोकाचे किती डाग आहेत ते तू बघितलेत. भाजलं की फुंकर मारायची आणि पुढचा शर्ट घ्यायचा, हेच मला येतं. दुखणं अंगावर काढायची सवय लागली की माणसाला ती अक्कल वाटायला लागते. शिवाय मोठ्या सिस्टर अजून तुझ्या मागेच होत्या. मी हो म्हटलं असतं तर तू थांबली असतीस, आणि सगळ्या वॉर्डासमोर पुन्हा ऐकून घेतलं असतंस. तुझे कान आधीच लाल होते.

आणि तू ताई म्हणालीस.

लग्न होऊन आलीस तेव्हापासून मी जाऊबाई. तेही असं म्हणायचीस की जणू चिमट्याने उचलून बाजूला ठेवतेस. त्या दिवशी घाईत निसटलं असेल, तुला आठवतही नसेल. मला वाटलं, एवढं आज हिच्यासाठी सोसू. मी तुझ्यासाठी जाणूनबुजून केलेलं पहिलं चांगलं काम ते, आणि तेच तुला नडलं.

पुढचं त्याहून वाईट आहे. संध्याकाळी हात टम्म सुजला. मी दुकानात ओलं फडकं इस्त्रीखाली तापवलं आणि शेकत बसले. तू नंतर डॉक्टरांना सांगत होतीस ते ऐकलं, ह्या औषधाला गार ठेवायचं असतं, शेकल्याने आणखी नुकसान होतं. मला काय माहीत? विचारलं असतं तर माहीत झालं असतं. तू भिंतीपलीकडे राहत होतीस. पण तुझ्याकडे कधी मीठ मागितलं नाही, ते हे काय मागणार? हाताला फडकं गुंडाळून हिंडले. तू जिन्यात अडवून विचारलंस, "हाताला काय झालं?" मी म्हटलं, "इस्त्री लागली." तू म्हणालीस, "बघू." मी म्हटलं, "घरात तरी सिस्टरपणा करू नकोस."

फोड फुटून काळं पडलं तेव्हा तू फडकं ओढूनच काढलंस. मी ओरडेन असं वाटलं होतं. पण तुझं तोंड बघून मी हात तसाच पुढे केला.

चौकशीत डॉक्टरांनी विचारलं, औषध देताना काही जाणवलं का? एकदा नाही म्हटलेलं, आता हो म्हटलं तर ही बाई खोटारडी म्हणून उपचार थांबवतील, अशी भीती वाटली. वेडी भीती, पण वाटली. म्हटलं, नाही. मग त्यांनी ठरवलं, पेशंटला कळलं नसेल, पण सिस्टरला दिसायला हवं होतं. तू समोर उभी होतीस. एक शब्द बोलली नाहीस.

हे पत्र भावजींकडे देणार नाही. पोस्टात टाकतेय. ते वाचतील म्हणून नव्हे. त्यांच्या तोंडाकडे मला बघवणार नाही म्हणून.

मोठी


सोमवार, २४ फेब्रुवारी

धाकटे,

आज मोठ्या सिस्टरांकडे गेले होते. त्या कपाटात सलाइन रचत होत्या. म्हणाल्या, "बसा."

"बसायला नाही आले. जळत होतं, ते सांगायला आले."

"काय जळत होतं?"

"माझा हात. त्या दिवशी. मी नाही म्हणाले ते खोटं होतं, आणि चौकशीत सांगितलं तेही खोटं."

मला बसा म्हणणारी बाई स्वतःच स्टुलावर बसली. म्हणाली, "बाई, हे आज सांगताय?"

"आधी सांगितलं असतं तर आज कशाला आले असते?"

वाटलं होतं, आता ह्या मला फैलावर घेतील. मी तयारी करून गेले होते, उत्तरंसुद्धा पाठ होती. त्या म्हणाल्या, "डॉक्टरांच्या कानावर घालते. पण एक ऐका. पेशंट गप्प बसतातच. कुणाला भीती वाटते, कुणाला लाज, कुणाला वाटतं सिस्टरला आणखी त्रास कशाला. म्हणून आम्ही नुसतं विचारून भागत नाही. दट्ट्या मागे ओढून रक्त येतंय का बघायचं, हात बघायचा, माणूस बघायचा. आणि शीर सापडत नसेल तर थांबायचं, हात गरम करायचा, नाहीतर छातीत कातडीखाली सुई टोचायचं बटण बसवून घ्यायचं. त्याला वेळ लागतो. तो वेळ मी तिला दिला नाही. तिच्या पाठीवर उभी राहिले."

"मग हे तिला सांगा."

"दोनदा फोन केला. म्हणते, माझी जागा दुसरीला द्या. मी दिली नाही अजून. पण मी तरी किती दिवस अडवून धरणार? ह्या महिन्याअखेर माणूस भरायला सांगितलंय. फार तर पुढचा महिना ओढीन."

मी म्हटलं, "ओढा." बाईंना मी हुकूम सोडला ह्याचं मला दारात आल्यावर हसू आलं. त्याही हसल्या असाव्यात. मागे वळून बघितलं नाही.

तर आता तुला उत्तर द्यावं लागेल. शिव्या दिल्यास तरी चालतील. माझा त्यांवर हक्क आहे.

मोठी


रविवार, १६ मार्च

धाकटे,

तुझं उत्तर पोचलं. चपलांच्या खोक्याच्या झाकणावर. कागद मिळाला नाही का तुला? भावजी ते खिशातून काढून देताना पुन्हा छताकडे बघत होते.

मी वाचलं. मग ह्यांना वाचायला लावलं, मला चुकीचं लागत असेल म्हणून. ह्यांनीही तेच वाचलं.

"जाऊबाई, जळत होतं हे मला माहीत होतं. तुम्ही नाही म्हणालात तेव्हा तुमच्या पायाचा अंगठा आखडला. मी बघितला. मागे मोठ्या सिस्टर होत्या. मला तुमचं नाही हवं होतं, म्हणून घेतलं. सुई धरत नाही ती ह्याच्यामुळे. तुमच्यामुळे नाही."

पहिल्यांदा मला काय आलं असेल तर राग. म्हटलं, मग मला डाव्या हाताने एवढं खरडायला का लावलंस? आधी सांगितलं असतंस तर माझे चार दिवस वाचले असते. इस्त्रीचं टेबल ठोकून बोलले हे. ह्यांनी इस्त्री उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "आधी भांड पोटभर, मग रड."

भांडायला समोर तू नव्हतीस, म्हणून दुसरंच केलं.

इतके दिवस मी समजत होते, मी तुला फसवलं. तू समजत होतीस, तू मला. दोघी एकाच खुर्चीपाशी होतो, एक बसलेली, एक उभी, आणि दोघींना एकच "नाही" हवं होतं. चांगल्या जावा कधी झालो नाही, पण त्या दिवशी आपलं काय जमलं बघ. आपलं जमलं आणि माझा हात गेला. त्यापेक्षा भांडत होतो ते बरं होतं. तू भांडताना माझं एकही "नाही" खरं मानलं नाहीस कधी.

हात गेला त्याचं वाईट वाटतं. खोटं कशाला सांगू? सकाळी शर्टाची बाही सरळ करायला हात आपोआप पुढे जातो आणि बोटं नुसती वर राहतात. पण त्याहून जास्त वाईट कशाचं वाटतं ते ऐक. त्या वॉर्डात माझ्यासारखं तोंड मिटून बसणारी उद्या दुसरी कुणी येईल. तिच्या अंगठ्याकडे कोण बघणार? चपला विकणारी?

मोठी


रविवार, ३० मार्च

धाकटे,

माझं औषध पुन्हा सुरू झालं. आता दुसरं आहे, पाण्यासारखं दिसतं. उजव्या खांद्याखाली कातडीच्या आत बटण बसवलंय, त्यातच सुई टोचतात. हाताची कटकट गेली.

परवा पहिली खेप झाली. नव्या सिस्टरने नाव विचारलं, मी न भांडता सांगितलं. तिने बजावलं, काही वाटलं तर बोला. मी म्हटलं, "बाई, आता ऐकच तू." औषध सुरू झालं आणि मला छातीशी काहीतरी ओढल्यासारखं झालं. मी अशी ओरडले की बाहेरच्या बाकड्यावरची माणसं उठून उभी राहिली. सिस्टरने जागच्या जागी औषध थांबवलं. मोठ्या सिस्टर धावत आल्या. सगळं तपासलं, बटण, सुई, नळी, कातडी. काही नव्हतं. पट्टीत ब्लाउजचा दोरा अडकला होता, तो ओढत होता.

सगळा वॉर्ड हसला. शेजारच्या खुर्चीतल्या मास्तरीणबाई हसता हसता खोकायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोठ्या सिस्टर मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "असंच ओरडत जा." मग हसणाऱ्या मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या, "सिस्टर, माझ्या हाताला मघापासून जरा चुरचुरतंय. म्हटलं, उगाच कशाला." त्यांचं औषध थांबवलं, हात बघितला. सुईपाशी थोडी सूज होती. वेळेत कळलं. त्यांना लाल नव्हतं, पण तरी.

हे तू असतीस तर तुला आधीच दिसलं असतं. मला ओरडावं लागलं.

काल मी तुझा युनिफॉर्म उतरवला. ह्यांना म्हटलं, व्हा बाजूला. डाव्या हाताने इस्त्री धरली, उजवा नुसता वजनासाठी कापडावर ठेवला. दुपार गेली. पँटच्या एका पायाला दोन घड्या पडल्यात आणि कॉलरचं एक टोक वळलंय. एरवी असलं काम मी गिऱ्हाईकाच्या हातात दिलं नसतं. पुन्हा करणार नाही. हात दुखतो. बघ, दुखतो म्हणाले.

माझी पुढची खेप उद्याचा सोमवार सोडून पुढच्या सोमवारी आहे. मोठ्या सिस्टरांनी तुझी जागा अजून ओढून धरलीय, पण त्या काही जन्मभर धरणार नाहीत. भावजी शनिवारी येतील तेव्हा त्यांच्याबरोबर ये. दोन घड्यांचा युनिफॉर्म घाल आणि सुई तू लाव. ताई म्हण, जाऊबाई म्हण, नाहीतर नावच विचार, मी सांगेन.

जळतंय का विचारशील तेव्हा खरं सांगायचा प्रयत्न करीन. पण सवय जुनी आहे, माझी मला खात्री नाही. माझ्या तोंडावर जाऊ नकोस. पायातली चप्पल मी आधीच काढून ठेवते. तू अंगठ्याकडे बघ.

मोठी